कर्व्ह करून पाठवा

लोहा हे नांदेड-लातूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. याच तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, बैल आणि कलावंत यांच्यासाठी ती साऱ्या दक्षिणेत नावाजलेली आहे. यात्रा जवळ आली की स्वागताचे बॅनर, कमानी, पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, कुस्त्यांची पत्रके आणि पशुप्रदर्शनाचे फलक यांची एकच झुंबड उडते. डिझाइन एकाने करायचे, छपाई दुसऱ्याने आणि गाडीवरची अक्षरे तिसऱ्याने. तिघांचे संगणक वेगळे, त्यांवरची सॉफ्टवेअर वेगळी, निदान आवृत्त्या तरी वेगळ्या. या तिघांत फाइल फिरते तेव्हा फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येते: "भाऊ, कर्व्ह करून पाठवा."

म्हणजे अक्षरांचे अक्षरपण काढून टाका आणि नुसता आकार पाठवा. आमच्याकडे तुमचा फॉन्ट नाही आणि असला तरी आमचा त्यावर भरवसा नाही. गेल्या तीसेक वर्षांत मराठवाड्याच्या डीटीपी आणि फ्लेक्सच्या धंद्याने चित्रांच्या देवाणघेवाणीचा जो मार्ग शोधला तो एवढाच. जगभर त्यासाठी मानके ठरली, समित्या बसल्या, कंपन्या एकमेकींना गिळून मोकळ्या झाल्या. नांदेड-लातूरकडे मात्र कंट्रोल आणि क्यू ही दोन बटणे पुरली. त्यांची किंमत काय पडली, हा हिशेब कोणी मांडत बसले नाही.

आधी चित्राविषयी. फोटो ठिपक्यांचा असतो; तो वाढवत नेला की दुकानदाराच्या भाषेत 'फुटतो'. व्हेक्टर चित्र फुटत नाही, कारण त्यात ठिपके नसतातच. रेष कुठून निघते, कुठे पोचते आणि वाटेत कोणत्या दोन बिंदूंच्या ओढीने वळते, एवढेच त्यात नोंदलेले असते. हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास ते मांडले, पण कंपनीने ते गुपित ठेवले. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात ते प्रसिद्ध केले आणि वक्ररेषांना त्यांचे नाव चिकटले. मोटारीचा पत्रा वाकवण्यासाठी शोधलेल्या याच रेषेमुळे लग्नपत्रिकेवरचा बोटभर गणपती वीस फुटी कमानीवर चढला तरी त्याची सोंड गुळगुळीत राहते.

या धंद्याच्या आधीचा काळ खिळ्यांचा. मराठी मजकूर जुळारी खिळे जुळवून उभा करी. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, रोमनपेक्षा कितीतरी जास्त खाने लागत. देवनागरी खिळे कसे पाडावेत आणि कसे जुळवावेत यावर मुंबईत एकोणिसाव्या शतकभर खटपट चालली होती. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना त्यातूनच उभा राहिला. बापूराव नाईक यांनी १९७१ साली देवनागरी मुद्राक्षरांवर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात या खटपटीची सारी वंशावळ आहे. चित्र हवे असेल तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे आणि तो लाकडावर ठोकलेला असे. चित्र एका छापखान्यातून दुसऱ्यात न्यायचे म्हणजे तो ब्लॉकच पिशवीत घालून न्यायचा. उसना दिलेला ब्लॉक परत येईलच याची खात्री नसे.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत चाले. उर्दूची नस्तालिक लिपी खिळ्यांत नीट बसतच नव्हती. शब्द तिरका खाली उतरत येतो आणि प्रत्येक अक्षर शेजाऱ्याला पाहून रूप बदलते. म्हणून उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत आणि तो लिथोच्या दगडावर उतरवत. मराठीनेही हा मार्ग पाहिला होता. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवरच पंचांग छापले होते. दगडाला मजकूर आणि चित्र यांतला फरक कळत नाही, त्याला दोन्ही शाईच्या रेघाच. तेव्हा आजच्या 'कर्व्ह'चा मूळपुरुष शोधायचाच झाला, तर तो खिळ्यांपेक्षा या दगडाजवळ सापडेल.

संगणकावर या साऱ्याची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अडोबी काढली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट भाषा म्हणजे छपाईयंत्राला रेषांचे वर्णन सांगण्याची पद्धत. १९८५ साली ॲपलचा लेसर प्रिंटर आणि आल्डसचे पेजमेकर आले आणि 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हे नाव रूढ झाले. पुढे मराठवाड्यातल्या गल्लीगल्लीत 'डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन' अशी पाटी लागली, ती यातूनच. १९८७ साली अडोबीचे इलस्ट्रेटर आले, पण मॅकिंटॉशसाठी.

मॅक परवडत होता तो मुंबई-पुण्याच्या जाहिरात संस्थांना. नांदेडच्या डीटीपीवाल्याकडे जोडून घेतलेला पीसी आणि त्यावर विंडोज. कॅनडातल्या ओटावा शहरात मायकेल काउपलँड यांच्या कोरल कंपनीने जानेवारी १९८९ मध्ये कोरलड्रॉ बाजारात आणले, ते विंडोजसाठीच. पुढे कोरलच्या पेटीत फॉन्टचा ढीग, फोटोंचे सॉफ्टवेअर, स्कॅन केलेल्या चित्राच्या रेषा काढणारे कोरलट्रेस आणि क्लिपआर्टच्या सीड्या असे सगळे एकत्र मिळू लागले. इलस्ट्रेटरची मॅक आणि विंडोजवर सारखी चालणारी सातवी आवृत्ती १९९७ साली आली. तोवर आपल्याकडच्या मुलांचा हात कोरलवर बसला होता. दुकानातल्या साऱ्याच प्रती काही विकत घेतलेल्या नव्हत्या, हे या धंद्यातले उघड गुपित. पण केवळ फुकटेपणामुळे कोरल पसरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. फुकटात इलस्ट्रेटरही मिळतच होते. एकाच पडद्यावर पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक आणि कमान असे सगळे उरकणारा दुकानदार कोरलला चिकटला, कारण ते त्याच्या कामाच्या घाईला सोयीचे होते.

खरी अडचण अक्षरांची होती.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि आयआयटी कानपूरला जन्मलेले जिस्ट तंत्रज्ञान तिथे आले. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सांकेतिक मांडणी ठरली. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. त्या हिशेबाने 'क' म्हटले की त्याचा एक ठरलेला क्रमांक, मग तो कोणत्याही संगणकावर 'क'च राहावा. पण कोरल किंवा पेजमेकर यांना इस्की कळत नव्हते. त्यांना कळत होता तो फॉन्ट, म्हणजे दोनशेच्या आसपास वापरता येण्याजोग्या जागा आणि प्रत्येक जागेवर एक आकार. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. एका जागी काना, एका जागी पहिली वेलांटी, एका जागी अर्धा 'स', एका जागी रफार. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम मालिका, बंगळूरचे आकृती अशा प्रत्येकाची मांडणी निराळी. श्रीलिपीचे फॉन्ट तर नावापेक्षा आकड्याने ओळखले जात. सॉफ्टवेअरसोबत संगणकाच्या पाठीमागे लावायचे एक कुलूपही येई, त्याला सगळे 'डोंगल' म्हणत. डोंगल एकाच यंत्राला लागे. डिझायनरच्या घरी दुसरा संगणक असला, तर डोंगल खिशात घालून न्यावे लागे.

आता अशा संगणकावर केलेली पत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली की काय व्हायचे? कोरलच्या सीडीआर फायलीत त्या काळी सहसा फॉन्ट सोबत जात नसे, फक्त त्याचे नाव जाई. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर कोरल दुसरा फॉन्ट लावी. मग 'शुभविवाह'च्या जागी युरोपातली टोप्या घातलेली स्वरचिन्हे, पौंडाचे चिन्ह, पाव आणि अर्धा यांचे अपूर्णांक अशी रांग उभी राही. वधूपिता समोर बसलेला, मुहूर्त आठ दिवसांवर. अशा वेळी कोणी इस्कीच्या मानकाची चर्चा करत नाही.

उपाय कोरलमध्येच होता. मजकूर निवडायचा, कंट्रोल-क्यू दाबायचे, की प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा बेझिए वक्रांत बदलते. मग फॉन्ट असो, नसो. मग डोंगल असो, नसो. जी फाइल नांदेडात जशी दिसते तशीच ती लोह्यात, अहमदपुरात, हैदराबादेत दिसते. धंद्याचा विश्वास या एका गोष्टीवर बसला आणि 'कर्व्ह' हे मराठीतले क्रियापद झाले.

पण कर्व्ह झालेल्या 'कदम' या शब्दात कदम उरलेले नसतात. उरतात ते तीन आकार आणि त्यांच्या रेषांवरचे बिंदू, म्हणजे नोड. पत्रिका छापायला जाण्याआधी आजोळच्या कोणाचे तरी नाव राहिल्याचे लक्षात येते. मराठवाड्यात हे प्रत्येक लग्नात होतेच. फाइल कर्व्ह असेल तर डिझायनर त्याच पत्रिकेत हवी ती अक्षरे शोधतो. या आडनावातला 'ळे' उचल, त्या गावाच्या नावातला 'र' घे, दोन्ही शेजारी ठेवून शिरोरेखा जुळव. संगणकासमोर बसून तो पुन्हा जुळारीच झालेला असतो, फक्त त्याची केस म्हणजे दुसऱ्यांची आडनावे. शहाणी दुकाने दोन फायली ठेवत, एक 'ओरिजिनल' आणि एक 'कर्व्ह'. घाईत मात्र कर्व्ह करून सवयीने सेव्ह दाबले जाई आणि ओरिजिनल त्याखाली गडप होई. कोरल आपणहून 'बॅकअप' नावाची एक जुनी प्रत शेजारी ठेवते. त्या प्रतीने किती पत्रिका वाचवल्या असतील, त्याची गणती नाही.

देवनागरीची शिरोरेखा इथे आणखी एक खोडी काढते. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. आपली अक्षरे डोक्यावर एकमेकांना टेकतात, किंबहुना थोडी एकमेकांवर चढतात, म्हणून तर ओळ अखंड दिसते. कर्व्ह करून सगळे एकत्र 'कंबाइन' केले की जिथे दोन आकार एकमेकांवर आले तिथे पांढरी भोके पडतात, कारण दोन थरांची जागा कोरल रिकामी धरते. मग तुकडे सुटे करायचे आणि 'वेल्ड' करून एक सलग आकार घडवायचा. कागदावर छापायचे असेल तर यात थोडीफार हयगय चालून जाते. रेडियमच्या कामात मुळीच चालत नाही.

रेडियम म्हणजे गाड्यांवर, दुकानांच्या काचांवर चिकटवायची रंगीत विनाइल पट्टी. ती कापणाऱ्या प्लॉटरला रंग समजत नाही, फक्त पात्याने कोणत्या रेषेवरून जायचे तेवढे समजते. अनेक यंत्रे एचपीजीएल नावाची जुनी आखणीभाषा बोलतात. फाइल पीएलटी म्हणून पाठवली जाते. टेम्पोच्या मागे 'आई-वडिलांची पुण्याई' लिहायचे आणि वेल्ड विसरले, तर पाते प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेखा आडवी कापते. पट्टी उचलताना ओळ सुटी होऊन हातात येते. ट्रॅक्टरवर नाव टाकणाऱ्या माणसाला बेझिए कोण हे ठाऊक नसेल. पण वक्र उघडा राहिला, रेषेची जाडी 'ऑब्जेक्ट' केली नाही, नोड एकावर एक पडले, तर काय होते हे त्याच्याइतके अचूक कोणी सांगणार नाही.

फायलींच्या प्रवासात दुसरा घोळ आवृत्त्यांचा. कोरल नऊ १९९९ साली आले, अकरा २००२ साली, बारा २००४ साली. मग एक्स-थ्री, एक्स-फोर असा रोमन दहाचा हिशेब सुरू झाला. नवे कोरल जुनी फाइल उघडते, जुने कोरल नव्या फायलीकडे बघतही नाही. २००८ च्या एक्स-फोरपासून तर सीडीआरचे पोटच बदलले आणि ती झिप गाठोड्यासारखी बांधली जाऊ लागली. गावात मात्र नऊ आणि अकरा वर्षानुवर्षे टिकून राहिले, कारण ते जुन्या यंत्रावर हलके चालत. त्यामुळे 'कर्व्ह करून' याच्या जोडीला 'नऊमध्ये सेव्ह करून' हा दुसरा मंत्र आला. नव्या आवृत्तीतली पारदर्शक सावली, जाळीचा रंग, कसलेसे भिंग जुन्या आवृत्तीत जाताना तुटणार, हे दोघांनी गृहीत धरलेले.

या नऊच्या सवयीचा एक फायदा नकळत झाला. इलस्ट्रेटर कोरलच्या फायली उघडते खरे, पण पाच ते दहा या आवृत्त्यांच्याच. पुढच्या त्याला अनोळखी. म्हणजे लोह्याच्या दुकानदाराने शेजारच्यासाठी नऊमध्ये ठेवलेली फाइल मुंबईच्या संस्थेतही उघडू शकत होती. उघडली तरी रडकथा होतीच. कोरलमधली रंगछटा इलस्ट्रेटरमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी यायची. 'पॉवरक्लिप'मध्ये कापून बसवलेला फोटो मुखवट्यांच्या चार थरांखाली सापडायचा. एका ओळीतला मजकूर पंचवीस तुकड्यांत विखुरलेला असायचा. ईपीएस नावाची मधली भाषा पोस्टस्क्रिप्टमधूनच निघालेली. तिच्यातून आकार बरा जाई, पण पुन्हा संपादन करायचे तर कपाळाला हात. वक्ररेषेचे गणित दोन्हीकडे एकच असताना हा सगळा त्रास त्याभोवतीच्या सोयींनी निर्माण केला होता, आणि त्या सोयींवरच तर कंपन्यांची विक्री चाले.

फ्रीहँडचे उदाहरण यात बोलके आहे. ऑल्टसिस या कंपनीचे हे सॉफ्टवेअर १९८८ पासून आल्डस विके, पुढे ते मॅक्रोमीडियाकडे गेले. अडोबीने २००५ साली मॅक्रोमीडियाच विकत घेतली आणि २००७ साली फ्रीहँडचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. ज्यांनी वर्षानुवर्षे बोधचिन्हे त्यात रेखाटली होती, त्यांच्यापुढे एकच वाट उरली: जुने यंत्र जपायचे आणि त्यावरून एकेक फाइल बाहेर काढायची. कोरलची पकड घट्ट असलेल्या आपल्या भागात हा फटका जाणवला नाही.

नांदेडमध्ये याच देवाणघेवाणीला असा रंग चढला, जो पुण्याला ठाऊक नाही. गोदावरीकाठच्या या शहरात मराठीच्या बरोबरीने उर्दू वाचली जाते, शिखांच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमुळे गुरुमुखी रोजच्या वापरात आहे आणि तेलंगणाची हद्द जवळ असल्याने तेलुगूही दूर नाही. एकाच बॅनरवर दोन-तीन लिप्या येणे इथे नवलाचे नाही.

उर्दूसाठी दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरचे इनपेज १९९४ साली आले. त्याच्या पोटात नूरी नस्तालिक होते. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी वीस हजारांच्या आसपास जोडरूपे हाताने लिहून १९८१ साली मोनोटाइपच्या यंत्रासाठी उभे केलेले ते वळण. एका फॉन्टमध्ये दोनशे जागा असताना वीस हजार रूपे कशी मावणार? ती डझनावारी फॉन्टफायलींत वाटून ठेवलेली होती. कोणता तुकडा कोणत्या फायलीतून उचलायचा हे फक्त इनपेजला माहीत. म्हणजे हा मजकूर कोरलमध्ये मजकूर म्हणून येण्याची शक्यताच नव्हती. उर्दू ओळ इनपेजमध्ये टाइप करायची, ईपीएस म्हणून बाहेर काढायची, कोरलमध्ये आणायची आणि आकार म्हणूनच रंगवायची, हीच रीत रुळली. मराठीवाल्यांनी सोयीसाठी पत्करलेली तडजोड उर्दूवाल्यांना पहिल्या दिवसापासून सक्तीची होती. कातिबाचा दगड आणि हे ईपीएस यांच्या मध्ये दीड शतक आहे. काम मात्र तेच.

गुरुमुखीचे तसेच. कुलबीरसिंग थिंद यांचे अनमोललिपीसारखे फॉन्ट अमेरिकेतून जगभर पसरले होते, पण त्यांची मांडणीही इंग्रजी जागांवरचीच. ऑक्टोबर २००८ मध्ये नांदेडला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. शहरभर स्वागताच्या कमानी उभ्या राहिल्या आणि त्यांवर मराठी, हिंदी, इंग्रजी, गुरुमुखी असा मजकूर शेजारी शेजारी होता. ज्याला यातली एकच लिपी वाचता येते अशा डिझायनरने कर्व्ह झालेली गुरुमुखी ओळ उलटसुलट न करता जागेवर बसवायची, यात काय धाकधूक असते हे त्यालाच माहीत.

दोन हजारच्या दशकात फ्लेक्स आले आणि सगळा धंदा त्याकडे वळला. त्याआधी पाट्या आणि भिंती पेंटर रंगवत. त्यांच्यातल्या काहींनी ब्रश ठेवून माउस धरला, काही रेडियमकडे गेले, काही घरी बसले. फ्लेक्सच्या यंत्राला शेवटी ठिपकेच लागतात. दुकानदार टिफ किंवा जेपेग मागतो. इतकी वर्षे वक्ररेषा सांभाळून आणलेले चित्र शेवटच्या क्षणी ठिपक्यांत विरघळते. तरी मूळ काम कोरलमध्येच होते, कारण वाढदिवसाचा तोच मजकूर दहा बाय दहालाही लागतो आणि वीस बाय दहालाही. लातूरला दहावी, बारावी, नीटचे निकाल लागले की शिकवण्यांच्या फलकांवर गुणवंतांचे चेहरे झळकतात आणि चौकाचौकांत एकाच दिवशी शेकडो फुटांची मागणी येते. सार्वजनिक जागांच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे, उच्च न्यायालयानेही बेकायदा फलकांवरून पालिकांना वेळोवेळी फटकारले आहे. चौकातले फलक बघता कायद्याची प्रत कर्व्ह करून पाठवली असावी, असे वाटते: दिसते तशीच, पण वाचता कोणाला येत नाही.

फायली फिरण्याची वाहने बदलत गेली. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत चित्रासकट पत्रिका मावेना, तेव्हा तुकडे करून दोन-तीन फ्लॉप्या. मग सीडी, मग पेनड्राइव्ह, आणि पेनड्राइव्हबरोबर व्हायरस. व्हॉट्सॲपने २०१६ पासून कागदपत्रे पाठवू दिली आणि पुढच्या वर्षी कोणत्याही प्रकारची फाइल. त्यानंतर नांदेडला हेलपाटा मारण्याचे बहुतेक कारणच संपले. या वाटांनी क्लिपआर्टचा एक लोकसाठा तयार झाला. गणपती, कलश, डोली, सनई-चौघडा, शिवराजमुद्रा, पक्षांची चिन्हे. कोणी व्हिजिटिंग कार्डावरून साखर कारखान्याचे बोधचिन्ह ट्रेस केले की ते वर्षभरात दोन जिल्ह्यांत पोचे, आणि दर हस्तांतरात त्याचे नोड थोडे सरकत. आज तेच चिन्ह पाच फलकांवर पाच प्रकारचे दिसते ते त्यामुळे.

युनिकोडने खरे तर हे सारे मिटवायला हवे होते. त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवलेला. सुलेखनकार आणि अक्षररचनाकार म्हणून त्यांचे नाव मोठे. ऑफिसात, सरकारी पत्रांत, फोनवर युनिकोड मराठी रुळली. चित्रकामाची सॉफ्टवेअर मात्र मागे राहिली. युनिकोड मजकूर जुन्या इलस्ट्रेटरमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी अक्षरानंतर येऊन बसे, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. कोरलने २०१२ च्या एक्स-सिक्समध्ये अशा लिप्यांची रचना सांभाळणारे इंजिन बसवले, अडोबीनेही त्याच सुमारास भारतीय लिप्यांकडे लक्ष दिले. पुढे मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त', 'बलू' यांसारखे मोफत फॉन्ट मिळू लागले. तरी दुकानातले मराठी टंकलेखन बरीच वर्षे जुन्याच फॉन्टांवर चालू राहिले. त्याचे कारण आळस नव्हे. श्रीलिपीत शोभेच्या अक्षरांचा जो भरणा होता, ठसठशीत, वळणदार, पत्रिकेला शोभणारा, त्याच्या तोडीचे युनिकोड फॉन्ट फार उशिरा आले.

पीडीएफ १९९३ पासून आहे आणि २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानकही झाले. त्यात फॉन्ट सोबत जातो, म्हणून वर्तमानपत्रांच्या जाहिराती त्याच्यातून जाऊ लागल्या. कोरलमध्ये पीडीएफ आणताना ते एक प्रश्न विचारते: मजकूर मजकूर म्हणून घ्यायचा की वक्र म्हणून? आपल्याकडे बोट आपोआप दुसऱ्या पर्यायाकडे जाते. एसव्हीजी हे २००१ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने ठरवलेले खुले मानक; इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर २००३ पासून त्यावरच उभे आहे. त्याची गरज वेबवाल्यांना लागली, पत्रिकेवाल्यांना नाही.

एक बाजू मात्र अलीकडे उलटली. कोरलने सीडीआरची रचना कधी खुली केली नाही, पण काही प्रोग्रामरनी ती बाहेरून उलगडली आणि २०१२ च्या लिब्रेऑफिस ३.६ मध्ये सीडीआर उघडण्याची सोय आली. दुकानांच्या कपाटांत पडलेल्या, ओरखडे उठलेल्या सीड्यांवरची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची कामे त्यामुळे कोरल नसतानाही बघता येऊ लागली. अशी फाइल कर्व्ह केलेली असेल तर ती देखणी दिसते, पण त्यातली नावे, गावे, तिथ्या शोधता येत नाहीत. एखाद्या गावची पंधरा वर्षांची लग्ने, यात्रांचे कार्यक्रम, कुस्त्यांचे जोड आणि बक्षिसांच्या रकमा त्यात असतील, पण संगणकाच्या लेखी तिथे एक शब्द नाही. याउलट जी फाइल त्या वेळी 'फुटली', जिच्यात घाईने कर्व्ह करायचे राहून गेले आणि जी उघडताच टोप्या घातलेल्या स्वरचिन्हांची रांग दाखवते, तिच्यात मजकूर जिवंत असतो. जुन्या फॉन्टची मांडणी माहीत असलेल्या परिवर्तकातून तो काढला की युनिकोड मराठी हाती येते, तीही मूळच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. दुकानदारांनी ज्या फायलींबद्दल बोलणी खाल्ली, नेमक्या त्याच आता उपयोगाच्या आहेत. सीड्या मात्र बहुतेकांनी मागेच रद्दीत घातल्या.